शुद्धीत असताना मारायची हाक

अहो,

तुमचा गजर अजून वाजतो. सकाळ-संध्याकाळ. ‘उपस्थित बंधू-भगिनींनो, आपल्या सर्वांच्या लाडक्या पांढऱ्या गोळीचं व्यासपीठाकडं आगमन होत आहे, तरी कुणीही जागा सोडू नये.’ तुम्हीच हौसेनं बोलून मोबाईलमध्ये भरून ठेवलेला. पोरगा बंद करायला निघाला होता, मी त्याच्या हातावर मारलं. तुम्हाला नेलं त्याच संध्याकाळी तो घरात घुमला, तेव्हा ओट्यावर बसलेल्या बाया रडायच्या थांबल्या आणि एकमेकींकडं बघायला लागल्या. थोरल्या जाऊबाईंनी तर पदर तोंडात कोंबला, आणि त्या रडत नव्हत्या, हे मला पक्कं कळलं. मला राग नाही आला. गेल्यावरही घरातल्या माणसांना हसवणारा नवरा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

शेती होती, पण तुमचा जीव माईकमध्ये. केज, धारूर, अंबाजोगाई, कधी थेट गेवराईपर्यंत. लग्न असो, कुस्त्या असोत, शाळेचं स्नेहसंमेलन असो की कुणाचं तेरावं, निवेदन तुमचं. आलेल्या पाहुण्यांची नावं तुम्ही मानाप्रमाणं घ्यायचात. विद्यमान सभापतींच्या आधी माजी सभापतींचं नाव गेलं तर दोन घरांचं बोलणं तुटतं, हे तुम्हाला बरोबर ठाऊक. कुणाचे वडील पैलवान होते, कुणाची आई सरपंच होती, कुणाला ‘राव’ लावलं की आवडतं आणि कुणाला ‘साहेब’च लागतं, सगळं तोंडपाठ. अख्ख्या जिल्ह्याची नावं तुमच्या जिभेवर होती. आणि घरी तुमची बायको तुमचं नाव घेत नव्हती.

आमच्याकडं घेत नाहीत, त्यात काय नवल. मी बारावी शिकले, अंगणवाडीत पोरांना मोठमोठ्यानं गाणी शिकवते, रजिस्टरात तुमचं नाव लिहिताना हात कधी अडखळला नाही. तोंड मात्र अडखळायचं. लग्नात दार अडवून नणंदांनी उखाणा मागितला तेव्हा काहीतरी पुटपुटले, ते वाजंत्र्यांत बुडालं. तुम्ही आयुष्यभर ते धरून बसलात. म्हणायचात, “मला काईच ऐकू आलं न्हाई. माज्या हिशेबानं आपलं लग्न आजून लागायचंय.”

पहिली फीट आली ती गेवराईकडच्या लग्नात. मी नव्हते तिथं, पण स्पीकरवाल्या सलीमभाईंनी इतक्यांदा सांगितलंय की मला ती बघितल्यासारखीच वाटते. तुम्ही माईक धरून नवरीच्या मामांचं स्वागत करत होतात. मध्येच शब्द थांबले, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, उजवा हात माईकसकट उडायला लागला आणि तुम्ही स्टेजवर आडवे झालात. मांडवात एकच ओरडा. “करंट हाय, करंट! कुनी हात लावू नगा! जनरेटर बंद करा आदी!” जनरेटर बंद झाला, वाजंत्री बंद पडली, आणि एका शहाण्यानं मांडवाचा वेळू उपसून तुमच्या मनगटावर हाणला, माईक सुटावा म्हणून. तुम्ही हलायचे थांबलात तेव्हा त्याला वाटलं, आपणच वाचवलं. मग सगळे सलीमभाईंवर. “मशीन तपासून आनत न्हाईस का बे? मानूस मारतोस का?” ते बिचारे रिकाम्या वायरी हातात धरून सांगत होते की यात करंट येतच नाही, बघा, मी धरतो. कोण ऐकतंय.

तुम्ही जीपमधून घरी आलात ते सुजलेलं मनगट घेऊन. आपण सगळ्यांनी करंटच धरून चाललो होतो. मी हळदीचा लेप लावला, आत्याबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, आणि सलीमभाईंना तुम्ही पुढच्या लग्नाला बोलवायचं की नाही, यावर थोरल्या भाऊजींनी बैठक घेतली.

दुसरी फीट आली ती घरात, जेवताना. हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला आणि हात नाचायला लागला. त्या दिवशी सकाळपासून गावात लाईटच नव्हती, त्यामुळं करंटचा विषय तिथंच मिटला. आत्याबाई एका हातात कांदा आणि एका हातात चप्पल घेऊन धावल्या. शेजारच्यांनी दातांत चमचा घालायला बघितला. मी नुसती तुमचं डोकं फरशीवर आपटू नये म्हणून खाली मांडी सरकवून बसले होते. त्यातलं तेवढंच बरोबर होतं, असं पुढं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत विचारलं, “पेशंटचं नाव?” मी थोरल्या भाऊजींकडं बघितलं. ते चहाला गेलेले. मागं रांग वाढत चालली. शेवटी मी खिडकीतल्या माणसाकडून पेन घेतलं आणि नाव लिहून दिलं. तो म्हणाला, “बोलता येत न्हाई का तुमाला?” तुम्ही बाकड्यावर बसून हसत होतात. मान टेकलेली, तोंड सुजलेलं, आणि हसताय. तिथंच मला वाटलं की हा माणूस काही इतक्यात जात नाही.

मग लातूरला डोक्याचे फोटो काढले आणि त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तवाहिन्यांचा गुंता. जन्मापासूनचा. एवढी वर्षं गप्प बसलेला. घरी येऊन मला ते धड सांगता येईना, पण तुम्हाला लगेच जमलं. तुम्ही पारावर सगळ्यांना समजावून सांगितलंत, “ठिबक असतंय ना? मेन पाइपातून पानी आधी बारीक नळ्यांत जायला पायजे, मग झाडाला. माज्या डोक्यात देवानं बारीक नळ्या बसवायच्याच इसरल्या. मेन पाइप डायरेक जोडला पुढच्या नळीला. ती फुगली. तिच्या शेजारची जागा मग बिनसतीया, तवा फीट येतीया. कवा फुटंल म्हनाल, तर कदाचित कदीच न्हाई.” लोक माना डोलवत होते. मी दारात उभी होते आणि मला तुमचा अभिमानही वाटला आणि भीतीही.

त्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बसवून शिकवलं. कुशीवर वळवायचं, दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, फार वेळ चालली तर थेट गाडी. आणि थांबल्यावर नावानं हाक मारायची, कुठं आहात विचारायचं, म्हणजे कितपत भानावर आले ते कळतं.

मी म्हटलं, “आमच्यात नाव घेत न्हाईत.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “मग काय म्हणता?”

“अहो म्हणते. कळतंय त्येनला.”

“शुद्धीत असताना कळत असेल, ताई,” त्या म्हणाल्या.

पुढची फीट अंगणात आली. मी सगळं शिकवल्याप्रमाणं केलं. हात थांबला, श्वास जागेवर आला, डोळे उघडले, पण डोळ्यांत कुणीच नव्हतं. मी अहो म्हटलं. मग जोरात अहो म्हटलं. भिंतीपलीकडून दोन शेजारी “काय झालं वैनी” करत आले, तुम्ही काही आला नाहीत. तेव्हा मी तुमच्या कानाशी वाकले आणि नाव घेतलं. पहिल्यांदा हळू. मग मोठ्यानं, चक्क एकेरीत, पोराला हाक मारावी तशी. आणि थांबले. तुमची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन टेकली. तुम्ही फार अदबीनं विचारलंत, “बाई, तुमी कोन?” मी म्हटलं, “तुमची बायको.” तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, “बसा.”

त्या दिवशी मी चुलीपाशी जाऊन हसले आणि रडले. एका वेळी दोन्ही.

मग ते ठरूनच गेलं. फीट आली की नाव, एरवी अहो. तुम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण त्या वेळचं तुम्हाला काहीच आठवायचं नाही. चुगली केली सलीमभाईंनी. “वैनी तुमाला नावानं वरडत्यात की! अरे-तुरे!” झालं, तुम्हाला खेळणंच मिळालं. शेतात, एसटीत, चुलीसमोर, एकच भुणभुण. “घे की एकदा. आता घे. आता मी चांगला हाय.” मी म्हणायचे, फीट आल्यावर घेईन. “म्हंजे माज्या नावाला मीच हाजर नसायचं? ह्यो कुटला न्याव?” मी म्हणायचे, कशापायी घेऊ, काय गरज आहे का आत्ता? तुम्ही रुसायचात. पुढच्या भाकरीपर्यंत.

मोटारसायकल सुटली, विहिरीवर एकटं जाणं सुटलं, वरातीचं जागरण सुटलं, कारण झोप मोडली की फीट ठरलेली. माईक मात्र सुटेना, म्हणून मी तुमच्याबरोबर फिरायला लागले. लोक म्हणाले, याला बायकोशिवाय करमत नाही. म्हणू दे. मी स्टेजच्या खाली उजव्या बाजूला उभी राहायची आणि सलीमभाई मशीनजवळ. मोठ्या फिटा गोळ्यांनी कमी झाल्या होत्या, पण लहान यायच्या. बोलता बोलता तुम्ही थांबायचात, ओठ नुसते चावल्यासारखे हलायचे, नजर भलतीकडं. मी पदर खांद्यावर घेतला की सलीमभाई सनई लावायचे. सनई संपेपर्यंत तुम्ही परत आलेले असायचात आणि जिथं सोडलं तिथून पुढं सुरू. एकदा एका नेत्याच्या नावाआधीच तुम्ही असे थांबलात. सनई वाजली, सगळ्यांच्या माना स्टेजकडं वळल्या, आणि मग तुमचा आवाज आला. तो नेता इतका खूश झाला की पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला म्हणायचा, माझ्या नावाच्या आधी तेवढं थांबायचं.

खरं सांगू? त्या आजारानं मला जिल्हा दाखवला. नाहीतर मी अंगणवाडी आणि चूल यांच्यामध्येच राहिले असते. तुमच्या डोक्यातल्या त्या मेल्या गुंत्याचे मी आभार मानणार नाही, पण तुमचे मानते. तुम्ही मला ओझं वाटू दिलं नाही, आणि स्वतः ओझं झालात असंही कधी मानलं नाही. लाज तुम्हाला ठाऊकच नव्हती. फीट येऊन गेल्यावर कपडे झटकून विचारायचात, “कुटपर्यंत आलतो मी?”

भांडण आपलं एकच होतं आणि ते मिटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं की गुंता मोठा आहे, किरणांनी भागेल असं वाटत नाही, ऑपरेशन करता येईल. पण तो बोलण्याच्या जागेला खेटून आहे. काढताना शब्द जाऊ शकतात. ठेवला तर एखाद्या दिवशी फुटू शकतो. दोन्हीपैकी कशाचीच खात्री नाही. तुम्ही तिथंच म्हणालात, नको. मी म्हटलं, करू. त्या खोलीतून बाहेर पडल्यापासून हे चालू झालं.

“शब्द गेले तर मी काय राहिलो गं?”

“मला तुमी मुके चालाल.”

“मला न्हाई चालनार.”

किती वर्षं आपण एवढंच बोललो. कधी चिडून, कधी भाजी निवडताना सहज, कधी एक जण एवढं म्हणायचा आणि दुसरा नुसता बघायचा. मला राग यायचा. वाटायचं, याला मी नको, माईक हवा. मी तसं बोललेही. तुम्ही म्हणालात, “तुला वरडायला माजं नाव हाय. मला तुला हाक मारायला शब्द नगं का?” मी हरले नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढलंच. आता भेटायला येणारे म्हणतात, ऑपरेशन करायला पाहिजे होतं, तुझं ऐकायला पाहिजे होतं. ते मला जिंकवून टाकतात. मला जिंकायचं नाही. तुम्ही शेवटच्या सकाळपर्यंत बोलत होतात, आणि मुके होऊन तुम्ही माझ्यासमोर बसलेले मी डोळ्यांपुढं आणून बघते तेव्हा मला अजूनही कळत नाही कोण बरोबर होतं. तुम्ही असता तर आजही भांडले असते.

धर्मापुरीचं आठवतं का? दुपारचं लग्न उरकलं होतं, जीपला वेळ होता, तुम्ही म्हणालात जुनं देऊळ बघू. तुम्ही भिंतीवरची एकेक मूर्ती बघत, प्रत्येकीचं मनानंच नाव ठरवून तिचं स्वागत करत फिरलात. मग पायरीवर बसलो. तुम्ही पुन्हा तेच, घे की नाव, इथं कोणी नाही. मी म्हटलं, देवळात चावटपणा नको. तुम्ही खांबाला टेकलात आणि तुमचा डोळा लागला. ती फीट नव्हती, साधी झोप होती, मला आता फरक कळतो. मी आजूबाजूला बघितलं. कबुतरं होती. मी अगदी हळू नाव घेतलं, सवय होते का बघायला. मग स्वतःशीच लाजले. तुम्ही घोरत होतात.

आणि ती सकाळ. तुम्ही ओसरीवर एका लग्नपत्रिकेतली नावं मोठ्यानं वाचत बसला होतात, संध्याकाळच्या कार्यक्रमाची तयारी. मी भाकरी थापत होते. वाचणं थांबलं. मी हात धुऊन आले, मला वाटलं नेहमीचं. तुम्ही दोन्ही हातांनी डोकं धरलेलं. “असं डोकं कवा दुखलं न्हाई गं,” एवढं म्हणालात आणि उलटी झाली. जीप मिळाली. तुमचं डोकं माझ्या मांडीवर. केजपर्यंत तुम्ही शुद्धीत होतात, डोळे मिटलेले, पण माझा हात दाबत होतात. आणि मी काय म्हणत होते? अहो, थोडं राहिलं. अहो, आलंच आता. अहो. अहो. केज ओलांडल्यावर तुमच्या हातातली पकड सुटली, आणि तेव्हा माझ्या तोंडातून नाव आलं. शुद्ध होती तोवर अहो, शुद्ध गेली की नाव. जीभ इतकी वर्षं जे शिकली होती तेच तिनं केलं. अंबाजोगाईपर्यंत मी नाव घेत होते. ड्रायव्हर मागं बघत नव्हता. तुम्ही या वेळी ‘बाई, तुमी कोन’ असंही विचारलं नाहीत.

याचं मला फार वाईट वाटतं. दुसऱ्या कशाचंच नाही इतकं. केजपर्यंतचा रस्ता केवढा मोठा आहे.

काल तुमचं तेरावं झालं. अंगणात मांडव, सलीमभाईंनी मशीन आणलं, पैसे विचारल्यावर तोंड फिरवलं. निवेदनाला माणूसच नाही. जिल्ह्यात कुणाचंही तेरावं असलं की तुम्हीच उभे राहायचात, दुसऱ्या कुणाला सवयच नाही. शेवटी शाळेतल्या एका गुरुजींना उभं केलं, ते घाबरून नुसते ‘यानंतर’ ‘यानंतर’ म्हणत होते. प्रवचन झालं. मग साहेब बोलायला उठले. तेच, ज्यांच्या नावाआधी थांबायचं असायचं. त्यांना आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. म्हणाले, “सुदामरावांच्या जाण्यानं या भागाचा आवाज हरपला.”

सुदामराव म्हणजे थोरले भाऊजी. ते पहिल्याच सतरंजीवर बसले होते. त्यांनी दचकून आपल्या छातीकडं बघितलं. मांडव खाली बघायला लागला. साहेबांना सांगणार कोण? तुम्ही असता तर वाकून कानात नाव सांगितलं असतंत, आणि साहेबांना वाटलं असतं की आपल्याला आठवतच होतं. गुरुजी घाम पुसत उभे. साहेब पुढं निघाले, “सुदामराव आज आपल्यात नाहीत, पण...”

मी उठले. बायांच्या बाजूला, भिंतीला धरून. म्हटलं, “साहेब, सुदामराव समोर बसल्यात. गेले ते अंगद.”

एका दमात थोरल्या दिरांचं आणि तुमचं, दोन्ही नावं घेतली. शेजारच्या म्हातारीनं माझा पदर ओढला. “आगं, नाव घितलंस की!” मी म्हटलं, घेतलं. साहेब दोनदा खाकरले. मागच्या बाजूनं माणसं माना उंच करून विचारत होती, काय म्हणाली, काय म्हणाली.

सलीमभाई मशीनजवळून उठले, साहेबांच्या हातातून अदबीनं माईक घेतला आणि वायर ओढत बायांच्या बाजूला आले. “वैनी, मागच्या लोकायला ऐकू न्हाई आलं.”

इतकी वर्षं मी स्टेजखाली उभी राहिले, पण माईक कधी हातात धरला नव्हता. जड असतो. मला भाषण येत नाही, ठाऊक आहे तुम्हाला. मी तो तोंडाजवळ नेला आणि म्हटलं, “अंगद.” राव नाही, साहेब नाही. अंगणात मारायचे तशी, एकेरीत. भोंग्यातून ते पार ओढ्यापलीकडं गेलं. आणि हाक मारून झाल्यावर, सवयीनं, तुमची नजर फिरून माझ्यावर येऊन टेकेल म्हणून मी थांबले.